खांबेटे काकूंचा उशीर

मंडळी, आधी मोजदाद करू. आख्यान नंतर!

बसमध्ये प्रवासी बेचाळीस. साठीच्या पुढचे सत्तावीस. तिशीच्या आतली एकच – ती मी. मोठ्या बॅगा एकसष्ट. चिवड्याचे डबे – उघडले गेले तेवढेच मी मोजले – एकोणीस! बसमध्ये टॉयलेट एक, आणि त्याला कुलूप. ड्रायव्हर म्हणाला, "बंद." का बंद, ते त्यानं सांगितलं नाही. आणि माझ्या हातात एक वही.

मी भौतिकशास्त्र शिकलेली. पेटीवर आमचे बापटकाका बसलेत, ते नेहमी म्हणतात, "अगं, कीर्तनात आकडे कशाला?" काका, आज आकडेच लागणार आहेत. कारण आजचा प्रश्न असा – दुसऱ्याचा दोष मोजणाऱ्यानं उभं कुठं राहायचं? विचार करा. मी युरोपात चुकीच्या जागी उभी राहिले, ती गोष्ट ऐका.

आई, बाबा आणि मी. बारा दिवसांची ग्रुप टूर. आम्ही तिघं, आणि सीट दोन-दोनच्या! मग मी बाबांशेजारी, आणि आई बसली खांबेटे काकूंजवळ. काकू एकट्याच आलेल्या. वय एकाहत्तर, साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहातून रेक्टर म्हणून निवृत्त. आवाज असा, की टूर मॅनेजर अद्वैत माईकवर बोलायचा आणि काकू माईकशिवाय, तरी मागच्या सीटपर्यंत काकूच ऐकू यायच्या!

आता तिकडे नियम कडक. ड्रायव्हरनं दिवसाला किती तास गाडी चालवायची, हे कायद्यानं ठरलेलं. सकाळी दहा मिनिटं गेली, की संध्याकाळी एखादा धबधबा खिडकीतूनच बघायचा. आणि एक धबधबा गेलाच! सगळ्या बसमध्ये कुजबुज – "कोणामुळं? कोणामुळं?"

मी म्हटलं, कुजबुज कशाला? मोजूया!

वहीत व्याख्या लिहिली. उशीर म्हणजे, ठरलेली वेळ आणि शेवटच्या माणसाचं पाऊल बसच्या पायरीवर पडण्याची वेळ, यांतलं अंतर. किती छान व्याख्या! अकरा थांबे मोजले. अकरांपैकी नऊ वेळा शेवटचं पाऊल – खांबेटे काकूंचं. खांद्याला एक कापडी पिशवी, हातात दुसरी, आणि यायच्या कुठून? दर वेळी टॉयलेटच्या बाजूनं! सरासरी उशीर, अकरा मिनिटं.

आणि त्यांच्या एक पाऊल पुढं कोण? माझी आई. मी दारात उभी राहून आईला हात द्यायचे, वर घ्यायचे – आणि मग घड्याळ बघायचे! पुढचं सोडून मागचं लिहायचे. मंडळी, दुर्बीण चंद्राकडे लावावी आणि स्वतःच्या पायाखालचा खड्डा दिसू नये, अशी माझी गत.

एकदा तर मी आईला बजावलं, "आई, तू त्या काकूंबरोबर फिरू नकोस हं. त्या तुलाही उशीर करतात."

आई म्हणाली, "बरं."

बस, एवढंच! आपल्या आया 'बरं' कधी म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे ना? मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी बसमध्ये फिशपाँडचा कार्यक्रम. बापटकाका, हसताय? म्हणजे तुम्हीही कधीतरी मार खाल्लाय! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – निनावी चिठ्ठीत एकमेकांची टर उडवायची, आणि एकानं माईकवर सगळ्या वाचायच्या. परदेशात गेलो म्हणून काय झालं, आपली सहल फिशपाँडशिवाय पुरी होते होय?

अद्वैत वाचत होता. आमच्या बाबांना मिळाला, "फोटो काढून झाले, आता एकदा डोळ्यांनी बघा!" हशा! मग माझी चिठ्ठी आली. अद्वैतनं एकदा काकूंकडे बघितलं. मग वाचलीच –

"खांबेटे काकू – युरोप बघायला आल्या, टॉयलेटं बघून परतल्या! सरासरी उशीर, अकरा मिनिटं!"

बस नुसती फुटली हो! मागून कोणी टाळ्या दिल्या, कोणी म्हणालं, "धबधबा आठवतो का काकू?" चिठ्ठी निनावी, पण सरासरी काढणारी त्या बसमध्ये एकच होती. चार-पाच जण वळून माझ्याकडे बघून हसले. आणि मी – सांगायला जीभ जड होते – मी मान लववून दाद घेतली.

काकू उठल्या. सीटचा दांडा धरून हात जोडले. "मान्य आहे! आमच्या हॉस्टेलच्या मुलींनी भिंतीवर याहून वाईट लिहिलं होतं!"

पुन्हा हशा. फक्त एक माणूस हसलं नाही. ते काकूंशेजारी खिडकीतून बाहेर बघत होतं. मला वाटलं, आई निसर्ग बघतेय.

त्या दिवशी ऊन चौतीस अंशांचं. सकाळी प्रत्येकाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दिलेली. दुपारी चार वाजता मी आईच्या सीटपाशी गेले, तर ती डोकं धरून बसलेली. ओठ कोरडे. बाटली समोरच्या जाळीत – भरलेली. झाकणाचं सीलसुद्धा तुटलं नव्हतं.

हॉटेलवर पोचलो. बाबा खाली चहा शोधायला गेले. मी म्हटलं, "आई, दिवसभर पाणी का नाही प्यायलीस?"

"तहान नव्हती."

"चौतीस अंशांत?"

ती पलंगाच्या कडेला बसली. चादरीची सुरकुती सारखी करत म्हणाली, "प्यायले की धरवत नाही मला. मग थांबावं लागतं, कपडे बदलावे लागतात. तुझ्या वहीत परत काकूंचं नाव यायला नको."

मंडळी, मी तिच्याशेजारी पलंगावर बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तेवीस वर्षांचं दुखणं. खोकलं तरी, शिंक आली तरी, जिना उतरला तरी... "तू झालीस तेव्हापासून. चार किलोची होतीस ना." बाबांना सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं नाही. मला तर नाहीच. शेजारी बसणाऱ्या बाईच्या मात्र दुसऱ्या दिवशीच लक्षात आलं. काकूंनी विचारलं नाही, उपदेश केला नाही. म्हणाल्या, "चला, मलाही जायचंय." आणि पुढचे आठ दिवस त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. दुसऱ्या पिशवीत काय असायचं? माझ्या आईचे कपडे. बसमध्ये आधी आईला चढवायच्या, मागून स्वतः. कशासाठी? शेवटचं पाऊल आपलं पडावं म्हणून!

माझी व्याख्या काकूंनी माझ्याआधी ओळखली होती.

मी जिन्यानं खाली धावले. काकू लॉबीत पाय चोळत बसलेल्या. मी म्हटलं, "काकू, मला माफ करा. मी सगळ्यांसमोर सांगते, की..."

"काय सांगतेस?" त्यांनी आवाज खाली आणला. पहिल्यांदाच! "माझं नाव धुवायला आईचं दुखणं माईकवर सांगणार? शहाणीच आहेस."

"मग मी काय करू?"

"उद्या पिशवी धर."

मंडळी, तुम्ही म्हणाल, तेव्हा जे माईकवर सांगितलं नाहीस, ते आज इथं का सांगतेस? आई पहिल्या रांगेत बसलीय. गावी आल्यावर आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "बाई, याला व्यायाम आहे, उपचार आहेत. इतकी वर्षं का नाही आलात?" त्यावर काल आई मला म्हणाली, "आख्यान लाव. माझं नाव घेऊन सांग." तर माझ्या आईचं नाव शुभदा.

आता तुमच्याकडे वळते. संध्याकाळच्या कीर्तनाला बसायचं म्हणून दुपारपासून पाणी न पिता आलेल्या या मंडपात किती जणी आहात? हात वर करू नका! कोणी मोजणार नाही. पण शेजारी बसलेल्या मुलांनो, सुनांनो, नवऱ्यांनो – "हिला नेहमी उशीर होतो" असं तुम्ही चारचौघांत किती वेळा हसून म्हणालात? तुमच्याकडेही वही असेल. कागदाची नसेल, जिभेवरची असेल. तिच्यात शेवटचं नाव ज्याचं लिहिलंय, त्याच्या एक पाऊल पुढं कोण चाललंय, ते एकदा बघा. बघायचं असेल तर बसच्या दारात उभं राहून दिसत नाही. टॉयलेटच्या दाराबाहेर जाऊन उभं राहावं लागतं, हातात पिशवी घेऊन. देव तिथंच कुठंतरी रांगेत असतो, असं मला आता वाटतं. सिद्ध करता येत नाही.

बापटकाका, सूर धरा. नामाआधी वहीतली शेवटची नोंद वाचते. अकरावा दिवस, पहिला थांबा.

शेवटचं पाऊल – माझं. उशीर – चौदा मिनिटं. आईची बाटली – रिकामी.