नागाबाईंच्या अंगात देवी येईना

अहमदपूरच्या दवाखान्यात नंबराची वाट बघताना पिराजीनं कानावरचा रुमाल हळूच सरकवला. शेजारच्या बाकावर नागाबाई अन् त्यांची सून दीपाली बोलत होत्या.

“आज डॉक्टरला सांगतेच, ही बीपीची गोळी बंद करा.”

“का वो आत्याबाई?”

“गोळी सुरू झाल्यापून देवी अंगात येईना. हलगी कडाडती, बाया उदो उदो करत्यात, अन् मी आपली थंडगार बसून राहते.”

“डॉक्टर म्हणले की, मेंदूत बारीक निळा ठिपका हाय. तिथल्या पेशींनी हाळी दिली की काळीज धडधडतं. गोळी ती हाळी पोचूच देत न्हाई.”

“मंग देवीला वाट कुठून मिळंल?”

“पर एकदम सोडली तर जिवाला धोका हाय.”

“उद्या मंगळवार. बाया ओट्या घेऊन येतील, माझी लाज जाईल. असं कर, तू घूम. तुझा ठिपका तर मोकळा हाय.”

“घुमते की. पर अंगात आल्यावर देवी मनातलं समदं बोलंल. सासूबद्दलबी. अन् तुमाला पाया पडून ऐकावं लागंल.”

तेवढ्यात नागाबाईंचा नंबर आला. त्या लगबगीनं आत शिरल्या अन् दार लागायच्या आत पिराजीला ऐकू आलं,

“साहेब, माझी गोळी राहू द्या. अन् तसलीच एक सुनेलाबी लिहा.”