धाकटा शेवटी काय करतो

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला खरंच पळून जावंसं वाटलं होतं. टेमघरच्या आमच्या मंडळासाठी मी एकांकिका लिहिली होती. दिग्दर्शक म्हणाला, "सगळीच माणसं गोड. भांडण कुठाय? भांडणाशिवाय गोष्ट हलायची नाही." म्हणून मी धाकट्या भावाला फसवून त्याच्या जमिनीवर गोडाऊन बांधणारा एक शेठ घातला. सगळा आमच्या नानाशेठवरून उचललेला, बोटातल्या अंगठ्यांसकट. आणि तालमी कुठे, तर नानाशेठच्याच रिकाम्या गोडाऊनमध्ये.

एका संध्याकाळी नानाशेठ स्वतः आला आणि खुर्ची ओढून बसला. शेठचं काम करणारा आमचा नट वाक्यच विसरला. शेठने पूर्ण तालीम पाहिली, मग शटर अर्धं खाली ओढून मला बाजूला घेतलं.

"हा मीच हाय ना?"

मी संहिता पाठीमागे लपवली, तर त्याने पुढचं विचारलं.

"धाकटा शेवटी काय करतो?"

"शेवट अजून लिहिला नाही, शेठ."

"मग लवकर लिव," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आमच्या धाकट्याला काल ह्या जागेचं सगळं कळलं. तवापासून घरच्या ओट्यावर बसलाय, काय बोलत न्हाय. मला घरी जायाचं हाय."