बाबांची टाच

...आणि तीही उजवीच! चार वर्षं मी कॉलेजात माती शिकले, माती चाळली, भिजवली, भाजली, आणि आमच्या घरात जमिनीची परीक्षा कशाने होते, तर बाबांच्या टाचेने. तुम्हाला सांगते, तीस वर्षं बांधकामं घेतायत, अजून तेच. प्लॉटवर जायचं, टाच मारायची, डोळे मिटायचे... "घट्ट आहे." झाला रिपोर्ट.

या वेळी प्लॉट आत्याचा. छापखाना काढायचा होता तिला, नऊ टनांचं यंत्र, एक बाजू बोटभर खचली की यंत्रही गेलं आणि छापखानाही. मी भोक पाडून बघितलं. वर हातभर कडक माती, खाली चार मीटर नुसती लोण्यासारखी चिकणमाती. टाचेला वरचं हातभरच कळणार ना? पण सांगायचं कोणी?

"बाबा, खाली मऊ आहे."

"माझी एक तरी भिंत खचली का आजवर?"

"तुम्ही भिंतीवर नऊ टन कधी ठेवलेत?"

आत्या म्हणाली, "दादा, करू दे की पोरीला." बाबा म्हणाले, "करू दे. पण यंत्र तसूभर कललं, तर हिची साइट बंद. ऑफिसात बसून पत्रं टाइप करायची."

मी, आणि पत्रं?

मग मी काय केलं, खोलवर पाइप घातला, त्यातून सिमेंटचं दाट पाणी असं जोरात सोडलं की चिकणमाती आतल्या आत कापली जाते, त्यातच कालवली जाते, आणि सुकली की जमिनीत खांब उभा. असे तीस खांब! थोडा राडा भोकातून वर येतोच, यायलाच हवा, पण बाबांना कोण समजावणार? "ओकतेय बघ जमीन. तिला पचत नाहीये." दिवसभर हेच. आणि बाहेरच्या कडेला, शेवटच्या खांबापाशी म्हणतात, "थांब, बघतो."

"बाबा, नका, ओलं आहे, आत्ताच—"

मारली. पाय वर आला, बूट नाही आला.

महिनाभर मला झोप नाही. मग खांबातून नमुना कापून काढला, तपासला, पास. यंत्र बसलं, आठवडाभर धडधडलं, आत्याने त्यावर लेव्हलची नळी ठेवली... आतला बुडबुडा बरोबर मध्यात, म्हणजे यंत्र कुठेच कललेलं नाही. बाबा वाकून पाच मिनिटं त्या बुडबुड्याकडे बघत राहिले, मला वाटलं आता पाठीवर हात ठेवतील. कसलं काय! बाहेर गेले, जमिनीतून बुटाचं नाक डोकावत होतं त्याच्या शेजारी उभे राहिले, आणि टाच मारली.

"घट्ट आहे. मी आधीच म्हटलं होतं."

आत्या हसून हसून खाली बसली. मी तोंड उघडलं तर म्हणतात, "उद्या आठला नवीन प्लॉट बघायचाय. तूच बघ. चपला घालून येऊ नकोस."

साइट माझी! तुम्हाला सांगते, मी पाऊण तास आधी पोचले, सगळी यंत्रं घेऊन. बाबा हाताची घडी घालून उभे.

"आधी टाच."

काय करणार... मारली. डोळेसुद्धा मिटले.