दारुहळदीचा काढा

सदाशिव पेठेत कर्करोगाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक आत्या आणि त्यांची भाची ऋचा बसल्या होत्या.

"आत्या, गोळ्या बंद केल्यास?"

"तूच पीएचडीचे पेढे देताना म्हणालीस, दारुहळदीतलं द्रव्य पेशीतल्या आरएनएला चिकटतं. मग मी काढा सुरू केला."

"चिकटतं, पण परीक्षानळीत."

"का? माझ्या पोटात त्याला मज्जाव आहे?"

"अगं, पोटातून रक्तात जेमतेम पोचतं. शिवाय गाठीतला आरएनए कुठला आणि चांगल्या पेशीतला कुठला, हे त्याला कळत नाही."

"म्हणजे एवढी वर्षं सरकारी शिष्यवृत्ती खाऊन दारुहळद कशाला चिकटते एवढंच बघितलंस? माझ्या पातेल्यालाही चिकटते. त्यापेक्षा आयटीत जायचंस."

"हो, एवढंच बघितलं. बरं झालेलं माणूस नाही बघितलं."

आत्या माझ्याकडे वळल्या. "अहो, तुमच्या घरी काय घेतात?"

"आमची ही काढाच घ्यायची."

"ऐकलंस, विदुषी? आता कशा आहेत त्या?"

मी पिशवी उघडली. "या तिच्या गोळ्या. कुणा गरजूला द्या म्हणून डॉक्टरांकडे आणल्यात. सील तसंच आहे."

"ऋचा, आपला नंबर कितवा गं?"