देवाच्या वचनाला भोपळा

मी लासूर स्टेशनजवळच्या एका वाडीची. सुशीला माझं नाव, पण शाळेत सगळे विज्ञानबाईच म्हणतात. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती, अन् बाबा म्हणजे चर्चचे मास्तर. फादर वाडीवर कधीमधी यायचे, तोवर लेकरांना प्रार्थना शिकवणं, बायबल पाठ करून घेणं, कुणी मेलं तर मातीला उभं राहणं, सगळं बाबाच करायचे. निजामाच्या राज्यात ते उर्दू शिकले, पोलिस अ‍ॅक्शननंतर मराठी शाळा आली तवा परत पहिलीत बसले, दांडगं पोरगं, बाकीची लेकरं हसायची, तरी बसले. माझ्यातली जिद्द तिथली हाय, दुसरीकडची नाय.

बीएस्सी, बीएड त्यांनीच करवलं मला. भाऊबंद म्हणायचे पोरीच्या जातीला एवढं कशाला, बाबा म्हणायचे तुमच्या बापाचं काय जातंय. मग औरंगाबादला मिशनच्या मराठी शाळेत लागले. हेडमास्तर फादर, वसईकडचे, शहरातल्या छावणी भागातल्या चर्चमधी रविवारचा मिस्सा, म्हणजे उपासना, बी तेच घ्यायचे. लेकरं हिंदू, मुसलमान, अन् थोडी आमची. नववीला उत्क्रांतीचा धडा होता, मी पहिल्याच वर्षी फादरला विचारलं, हा शिकवू ना, नायतर नंतर मामला नको. फादर म्हणले खुशाल शिकवा, जग देवानं केलं हे आपण मानतो, ते कसंकसं घडत गेलं हे विज्ञान शोधतं, चर्चची त्याला ना नाय. मला लई बरं वाटलं. लेकरं एकमेकांना माकडाच्या म्हणून चिडवायची, मी सांगायची माकड आपला बाप नाय रे बाबांनो, लांबची चुलत भावकी हाय. मुसलमानाची पोरं बी हसायची.

आई गेल्यावर बाबा छावणीत माझ्याकडं राहायला आले अन् इथल्या चर्चमधी लेकरांचा रविवारचा बायबलचा वर्ग घ्यायला लागले. भावाची लेक रुथ बी माझ्याकडंच होती, आमच्याच शाळेत नववीला. अन् काय सांगू तुम्हाला, एका शब्दानं घात केला. सहामाहीचा पेपर कुलकर्णी बाईंनी काढलेला, नव्याच होत्या, त्यांनी प्रश्न घातला, मानवाची उत्पत्ती थोडक्यात लिहा. आता त्यांना काय माहीत की आमच्या बायबलातलं पहिलं पुस्तकच उत्पत्ती. उत्क्रांती लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. आमच्या पोरींनी उत्पत्ती वाचलं अन् सुटल्या की, देवानं मातीचा माणूस केला, नाकात श्वास फुंकला, फासळी काढून बाई केली. रुथनं तर अध्याय घालून वचन उतरवलं, एक काना चुकला नाय. पेपर तपासायला माझ्याकडं. मी भोपळा दिला, सगळ्यांना सारखा, रुथला बी.

रुथनं पेपर आजोबाला दाखवला. बाबा म्हणले, सुशीला, देवाच्या वचनाला भोपळा? मी म्हणलं बाबा, वचन बरोबर हाय, पेपर विज्ञानाचा हाय. ते म्हणले मार्क दे नायतर धडा बंद कर, नायतर मी माझ्या वर्गातल्या पोरी तुझ्या तासाला बसू देणार नाय. अन् तसेच गेले फादरकडं, चार मंडळी घेऊन.

फादर नरमले. मला बोलावून म्हणले, बाई, प्रश्न रद्द करू, अन् इथून पुढं धडा नुस्ता वाचून घ्या, समजावू नका. मला असा राग आला. म्हणलं फादर, प्रश्न बदलून परत घ्या, त्यात पोरींचा दोष नाय, पण धडा मी दबकत शिकवणार नाय. तुम्हीच म्हणला होता ना चर्चची ना नाय म्हणून? मग ते माझ्या एकटीच्या कानात कामून, चर्चमधी सगळ्यांसमोर सांगा. जमत नसंल तर मला काढून टाका.

फादरनं मला काढलं नाय. उलट रविवारी मिस्साला उभं राहून बोलले, उत्पत्तीचं पुस्तक देव कोण अन् आपण कोण हे सांगायला हाय, विज्ञानाच्या पेपरासाठी नाय, धडा शाळेत शिकवला जाईल. बाबा पुढच्याच बाकावर. उठून म्हणले, फादर, मग इतकी वर्षं मी लेकरांना काय खोटं शिकवलं? फादरनं मान खाली घालून पुढची प्रार्थना सुरू केली. माझं काळीज तुटलं हो, पण मी जागची हलले नाय.

पोरी तासाला बसल्या. रुथनं परत पेपर दिला अन् पास झाली. बाबा मात्र माझ्याशी बोलायचे बंद झाले, एका घरात राहून, मीठ पाहिजे तरी रुथला सांगायचे, आत्याला म्हणावं मीठ दे.

आता ते थकलेत, दिसत बी कमी. थोडंफार बोलतात, पण त्या गोष्टीवर नाय. ताट वाढलं की प्रार्थना तेच म्हणतात, अन्नाबद्दल आभार मानतात, आईच्या आत्म्यासाठी मागतात, अन् शेवटी रोज, मी समोर बसलेली असताना, म्हणतात देवा, माझ्या सुशीलेला सुबुद्धी दे. मी आमेन म्हणते, त्यांना भाकर कुस्करून देते, अन् सकाळी शाळेत जाऊन तोच धडा शिकवते.