या आठवड्यात आमची भूमी

...नाही, पण मला एक सांगा, केळी कधी कुंडीत लागते का? गॅलरीत? तिसऱ्या मजल्यावर? बसा हो बसा, युरिया कुठं पळून नाही चालला, आधी ऐका! तुम्ही म्हणाल, दत्तूशेठ, तुम्ही बियाणं विका, खत विका, कोण कुठं केळी लावून राहिलं त्याच्याशी तुम्हाला काय करायचं? बरोबर आहे. पण मागं एकदा हा आपला जसोंडी गावचा कडू दुकानात उभा, बापजाद्यांपासून केळीवाले लोक, आणि वर टीव्हीतून हा असा गोड आवाज येतो, 'या आठवड्यात पाहा... आपल्या गॅलरीत फुलवा केळीची बाग! कुंडीतलं सुख, शनिवारी... चुकवू नका!' कडूच्या हातातली गोणी धप्पकन खाली! माझ्याकडे बघतो, टीव्हीकडे बघतो... 'भाऊ, कोन आहे हे बाई? हिले म्हना एक डाव जसोंडीले ये, वारं सुटलं का केळी कशी आडवी होते ते दाखवतो! गॅलरीसकट खाली येईन!' मी गपचूप गोणी उचलली. कारण तुम्हाला सांगतो, ती बाई म्हणजे माझी पोरगी आहे.

हो! भूमिका. आमची भूमी. मुंबईला एका मराठी चॅनलमध्ये आहे. दिसत नाही, ऐकू येते. आठवडाभर काय काय दाखवणार त्याची झलक नाही का देत, जाहिरातींच्या मध्ये, तो आवाज तिचा. जगातले लोक जाहिराती लागल्या की उठतात, पाणी पितात, आम्ही मालिका लागली की उठतो! मालिकेत काय ठेवलंय? मालिकेत भूमी थोडीच आहे? आणि हे चॅनल मिळवायला मी केबलवाल्याच्या मागं किती फिरलो! तो म्हणतो, 'अंकल, एमपी में रहते हो, मराठी चैनल का क्या करोगे?' म्हटलं, बेटी है मेरी उसमें. 'अच्छा! हीरोइन है?' म्हटलं, नहीं भाई, आवाज है. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं... आणि चॅनल लावून दिलं. पैसे पण नंतर द्या म्हणाला.

आता आठवड्याची झलक म्हणजे कशी, तर सोमवारी गुन्हेगारी, 'उंबऱ्यावरचा ठसा'. तिथं भूमी कुजबुजते. 'दार आतून बंद होतं... मग आत... कोण होतं?' अन् आमची रजनी, म्हणजे आमचं घर, भूमीची आई, उठते आणि मागच्या दाराची कडी बघून येते! दर वेळी! अगं, आपलीच पोरगी आहे ती! 'असू द्या, ती सांगून राहिली म्हणजे काहीतरी असेल.' मग मधल्या वारी केकचा कार्यक्रम, 'फुगला रे फुगला'. तिथं तोच आवाज साखरेत घोळलेला... 'मऊ मऊ स्पंज, त्यावर क्रीमचा हलकासा थर...' रजनी कमरेवर हात ठेवून उभी. 'माझ्याशी बोलली का हो कधी इतकं गोड? माझी पोळी तर जाड आहे म्हणायची!' शनिवारी ते कुंडीतलं सुख, ते तुम्हाला सांगितलंच. आणि रविवारी विनोदी, 'पोट धरून'. तिथं भूमी हसते. हा हा हा हा. असं, मोजून मापून, अत्तर लावल्यासारखं.

ते हसू तिचं नाही हो. भूमी हसली की नाकातून आवाज यायचा, पाणी पीत असली तर पाणी यायचं, खाटेवरून खाली पडायची, आणि पडली म्हणून आणखी हसायची. शेजारीण भिंत वाजवायची, 'काय झालं?' आता काय झालं ते काय सांगणार, पोरगी हसून राहिली! रविवारी ते हा हा हा लागलं की मी आवाज बारीक करतो. रजनी विचारते, का केला बारीक? म्हटलं, डोकं दुखून राहिलं. डोकं कशाचं दुखतं! मला माझ्या पोरीची आठवण येते. आणि टीव्ही म्हणतो, चुकवू नका!

आणि शुद्ध किती बोलते! पाण्याचा ण असा वाजवते की तहान लागते. तिकडं आवाजाच्या क्लासमधल्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी धरलं. आपण काय म्हणतो? जेवून राहिलो, येऊन राहिलो, बसून राहिलो. बुऱ्हाणपुरात दुसरं काय म्हणणार? इकडून हिंदी, तिकडून खानदेश, मध्ये आपण. तर त्या बाई म्हणाल्या, 'हे "राहिलो" आधी काढून टाका! जेवतेय! येतेय! बसतेय!' काढलं. काढलं म्हणजे मुळासकट काढलं हो! एक दिवस फोन येतो, 'हॅलो पप्पा, काय करताय? मी जेवतेय.' जेवतेय! मला वाटलं बँकेतून फोन आला, आता विचारते लोन पाहिजे का! म्हटलं, बेटा, जेवतेय काय, जेवून राहिली म्हण ना. तर म्हणते, 'नको ना पप्पा, घरी बोलले की रेकॉर्डिंगमध्ये येतं तोंडात. मोठ्या मुश्किलीनं सवय लागलीय.' आता पोरीच्या पोटावर पाय द्यायचा का? नाही म्हटलं, जेवतेय तर जेवतेय. मग फोन लहान व्हायला लागले. 'पप्पा, आवाज जपावा लागतो.' मग नुसते मेसेज. 'जेवलात?' मी वाचतो, परत वाचतो... अक्षराला आवाज कुठून आणू?

तर मागच्या महिन्यात, भरदुपार, गिऱ्हाईक नाही, मी फवारणीच्या पंपाची धूळ पुसून राहिलो, आणि वर ते उंबऱ्यावरचा ठसा सुरू झालं. भूमी कुजबुजते, 'पाटलांच्या घरात... कोण कोणाला... फसवून राहिलंय?'

फसवून राहिलंय!

तुम्हाला सांगतो, पंप कुठं, फडकं कुठं, मी रस्त्यावर! रजनीला फोन लावला, म्हटलं, टीव्ही लाव, टीव्ही लाव! ती घाबरली, 'काय झालं? कोण गेलं?' अगं, कोणी नाही गेलं, भूमी आली! आपली भूमी आली टीव्हीत! तिच्या हाताला कणीक, तिनं हात धुतले, पुसले, रिमोट शोधला, तोवर साबणाची जाहिरात. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं टीव्हीपुढं ठाण मांडून. आणि संध्याकाळी काय ऐकतो? 'कोण कोणाला फसवतंय?' धुऊन पुसून साफ! रजनी म्हणते, 'तुम्हाला भास झाला.' भास? कडूला सांगितलं, तो पण हेच म्हणाला. मग भूमीचाच मेसेज आला, 'पप्पा, ऐकलं असेल तर कोणाला सांगू नका, साहेब खूप रागावले.' कोणाला सांगू नका! तोवर मी अर्ध्या बाजाराला सांगून बसलो होतो.

आणि मग ती आली. खरी! सुट्टी घेऊन, आमच्याकडे राहायला! रजनीनं त्या केकवाल्या कार्यक्रमातून बघून कुकरमध्ये केक केला. तो काही फुगला रे फुगला झाला नाही, बसला रे बसला झाला, पण वर मावा जिलेबी लावली, कोणाला दिसतं! मी ठरवूनच टाकलं होतं की आता पोरीला बोलू द्यायचं, आपण गप्प बसायचं. तिनं भांडावं, हसावं, पोळी जाड आहे म्हणावं, पण आपल्या बोलीत म्हणावं. स्टेशनवर गाडी आली, भूमी उतरली, गळ्यात पडली, मी म्हटलं, बोल बेटा! तर तिनं ओठावर बोट ठेवलं आणि मोबाईल पुढं केला. त्यावर लिहिलेलं, 'घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. एक शब्दही नाही. सॉरी पप्पा.'

आता काय म्हणावं याला? पोरगी घरी, आवाज मुंबईला! नाही, मुंबईला तरी कुठं, आवाज आमच्याच घरात, टीव्हीत! आधीच भरून ठेवलेला असतो ना तो! ही सोफ्यावर गप्प, आणि तो डबा चालू... 'दार आतून बंद होतं...' कडू केळीचा घड घेऊन भेटायला आला. त्याला कळलं ना, ती बाई म्हणजे शेठची पोरगी, लाजला बिचारा. 'ताई, मी काहीबाही बोललो, राग नका मानू. लागत असतीन बरं कुंडीत बी. बोला ना काही!' भूमी हात जोडते, मान हलवते, आणि टीव्ही मागून खणखणीत, 'चुकवू नका!' कडू उभ्या उभ्या इकडे बघतो, तिकडे बघतो... घड ठेवला आणि निघाला. चहा पण नाही घेतला.

एकदा वैतागून मी टीव्हीच बंद केला. म्हटलं पोरगी समोर आहे, हे भूत कशाला? तर घर इतकं शांत झालं, इतकं शांत झालं की आम्ही तिघं एकमेकांकडे नुसते बघून राहिलो. मला रडूच आलं होतं, पण मी पंख्याकडे बघितलं. शेवटी भूमीनंच रिमोट उचलला आणि टीव्ही लावला. आम्हाला तिचा आवाज ऐकवायला! आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. राजघाटावर नेलं, तापीकाठी बसलो, तिथं पण मीच बोलून राहिलो. कोण आजारी, कोणाचं लग्न, कापसाचं काय, सगळं सांगितलं. ती मान हलवत होती. माझाच घसा बसला!

जायचा दिवस आला. स्टेशनवर रजनीला आठवलं की पोरीची पाण्याची बाटली रिकामी आहे. मी म्हटलं, राहू दे, गाडीत मिळतं. ऐकेल तर शपथ! गेली नळावर. इकडं गाडी हलली. भूमी दारात उभी, मी बरोबर चालून राहिलो, हसत हसत टाटा करून राहिलो, एकदम मर्द गडी... आणि पोरीनं बघितलं माझ्याकडे. डॉक्टर विसरली, साहेब विसरली, क्लासच्या बाई विसरली, आणि फाटक्या बांबूसारख्या आवाजात ओरडली,

'पप्पा! तुम्ही रडून राहिले का?'

हो बेटा, म्हटलं, रडून राहिलो! अन् ती हसली. नाकातून! गाडीच्या आवाजावर ऐकू आलं मला, खरं सांगतो, नाकातून!

मागून रजनी धावत आली, हातात भरलेली बाटली. 'काय झालं? बोलली का? काय म्हणाली?' आता काय सांगू? हिनं परत चुकवलं!

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आमच्याकडे पुनःप्रक्षेपण असतं. रजनी समोर बसते, म्हणते, म्हणा. मी गळा आवळून, आवाज फाडून म्हणतो, 'पप्पा, तुम्ही रडून राहिले का?' मग म्हणते, हसून दाखवा. नाकातून हसून दाखवतो. या वयात! ती ऐकते, पदरानं डोळे पुसते, आणि रोज एकच... 'नाही हो. तिच्यासारखं नाही जमून राहिलं तुम्हाला.'

काय करता? लावतो मग टीव्ही.