रविवारच्या लग्नाचा कॅमेरा

(अमरावतीत खुशालरावांच्या फोटो स्टुडिओतली दुपार. काउंटरवर दोन वापरलेले कॅमेरे, एक मोठा, एक लहान. समोर परतवाड्याहून आलेली भावंडं, धर्मेंद्र आणि दीक्षा.)

दीक्षा : मोठाच घे, दादा. लहान कॅमेरा पाहून वऱ्हाडी आपापले मोबाइल काढतात आन् तुह्याच समोर येऊन उभे राहतात.

धर्मेंद्र : तू लहान हातात तर धरून पाय आधी.

खुशालराव : दोन्ही फुल फ्रेम हायेत, पोरी, फोटोत फरक नाई. मोठा जरा जास्त वापरलेला, पण भरवशाचा. लहान नव्या जमान्याचा. फोटो निघते, पण आवाज नाई.

दीक्षा : काहीच नाई?

खुशालराव : माहाच काढून पाय. थांब, टोपी नीट करू दे. हं, काढ.

दीक्षा : झालं, काका.

खुशालराव : काढ ना मंग. मी कवाचा श्वास धरून बसलो.

धर्मेंद्र : चार काढले तिनं. पोट सोडा आता.

खुशालराव : घ्या. विकणाऱ्यालेच समजलं नाई.

दीक्षा : आता सांग, दादा. रविवारी नवरीची आजी स्टेजवर बसन. खटक ऐकू आल्याशिवाय ते हालत नाई. पंगत उठून जाईन, तरी आजी फोटोतच.

धर्मेंद्र : आन् बुद्धवंदना सुरू असताना? मागच्या लग्नात आपला जुना कॅमेरा खटकला, तं भन्तेजींनी डोळे उघडून माह्याकडंच पाह्यलं.

दीक्षा : तू त्यायच्या नाकासमोर उभा होता. तुह्या जागी मी असती तर मागून, खांबाजवळून काढला असता.

धर्मेंद्र : म्हणूनच म्हणतो. बोट पोचते का तुहं बटनावर?

दीक्षा : माहं बोट काहून? फोटो तू काढशीन. मी लाइट धरीन, नेहमीसारखी.

खुशालराव : सांगून टाक बाप्पा, धर्मेंद्र. चहा थंडा होऊन राहिला.

धर्मेंद्र : नोकरीची ऑर्डर आली. चिखलदऱ्याले, फॉरेस्टच्या गेटवर ड्युटी. शुक्रवारी हजर व्हा म्हणे. रविवारी तर सुट्टीचं नावच काढू नको, त्याच दिवशी सारी गर्दी राहते.

दीक्षा : नोकरी लागली आन् तू मले कॅमेऱ्याच्या दुकानात सांगून राहिला?

धर्मेंद्र : घरी सांगतलं असतं तर तू लग्नाले नाईच म्हटलं असतं.

दीक्षा : आताबी नाईच म्हणते. त्यायनं तुले पाहून काम देलं.

धर्मेंद्र : नवरीच्या बापाले फोन केला मी काल, बुधाजी काकाले. म्हटलं, मी नाई, दीक्षा येईन.

दीक्षा : आन् ते म्हणे, पोरगी? एकटी?

धर्मेंद्र : नाई. ते म्हणे, मोठ्या पोरीच्या लग्नात मायच्या गळ्यात पडून रडतानीचा फोटो जिनं काढला, तेच का? म्हटलं, तेच. तं म्हणे, मंग तू नाई आला तरी चालते.

दीक्षा : असंच म्हणे?

धर्मेंद्र : असंच. मले जरा वाईट वाटलं, पण आता काय.

दीक्षा : मले भेव लागते, दादा. लग्न दुसऱ्यांदा लागत नाई.

धर्मेंद्र : मलेबी लागे. पहिल्या लग्नात मी नवरदेव समजून त्याच्या भावाचेच फोटो काढले. हळद होईपर्यंत कोणी सांगतलं नाई.

खुशालराव : तो भाऊ अजून अल्बम दाखवत फिरते. बोल पोरी, लहान बांधू? हलका हाय, तुह्या हाताले बरा.

दीक्षा : मोठा द्या, काका. आजीले खटक ऐकू आला पायजे. वंदनेच्या वेळेस मी हात जोडून बसीन. त्याचा फोटो आजवर कोणी मांगतला नाई.

धर्मेंद्र : अवं, जड हाय तो. दिवसभर गळ्यात पेलवन का तुले?

दीक्षा : लाइट, स्टँड, बॅटरी आन् तुही बॅग इतके साल कोणाच्या खांद्यावर होती, दादा?